ब्रेकचे पेडल मऊ का लागते?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना चालकाची एक सवय आठवत असेल. सिग्नल जवळ आला की तो ब्रेकचे पेडल एकदा नव्हे, तर दोनतीनदा भराभर दाबीत असे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाड्या, म्हणजे आधीची फियाट ११०० आणि नंतरची प्रीमियर पद्मिनी, ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईत टॅक्सी म्हणून निवृत्त झाल्या. हौशी लोकांनी जपलेल्या काही गाड्या मात्र अजून रस्त्यावर येतात, आणि त्यांच्या चारही चाकांच्या ड्रमब्रेकविषयीची नेहमीची तक्रार तीच आहे: पेडल मऊ लागते. या तक्रारीचा अर्थ नीट लावायचा, तर हे पेडल चाकापर्यंत कसे पोहोचले हे आधी पाहावे लागेल.

ड्रमब्रेकची रचना साधी आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात. ते बाहेर फाकले की त्यांच्यावरचे लायनर ड्रमला आतून घासतात. फ्रान्समध्ये लुई रनो यांनी १९०२ मध्ये ही रचना रूढ केली. शू फाकवण्यासाठी पायाचा जोर चाकापर्यंत नेला जाई तो लोखंडी दांड्यांनी किंवा तारांनी. दोन चाकांपुरते हे ठीक होते. चारही चाकांना ब्रेक लावायचे ठरल्यावर खरी अडचण उभी राहिली. चारही दांड्या सारख्याच ताणलेल्या कशा ठेवायच्या? एक जरी सैल असली तरी गाडी दुसऱ्या बाजूला ओढली जाणार. शिवाय पुढची चाके वळतात आणि खड्ड्यात वरखाली होतात.

या प्रश्नाचे उत्तर अडीचशे वर्षे आधीच लिहून ठेवलेले होते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे पास्कल यांचे प्रतिपादन त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापले गेले. द्रवाची नळी कितीही वळवा, तिला कितीही फाटे फोडा, प्रत्येक टोकाला दाब तोच. पण पेडल दाबताच ब्रेक लागावा यासाठी द्रवाचा आणखी एक गुण लागतो. तो दबला जाता कामा नये. फ्लॉरेन्सच्या अकादमीतील प्रयोगकर्त्यांनी पाण्याने भरलेला चांदीचा पोकळ गोळा हातोडीने ठोकून पाहिला होता. पाणी आकसले नाही, घामासारखे धातूतून पाझरले. हा वृत्तांत १६६७ चा. पुढे १७६२ मध्ये इंग्लंडमधील जॉन कँटन यांनी पाणीही दबते हे दाखवून दिले. मात्र किती? एका वातावरणाच्या दाबाला दहा लाख भागांत सुमारे ४६ भाग. कँटन हे शाळामास्तर होते, हे आमच्या वाचकांना सांगायला आम्हांला विशेष आनंद वाटतो.

जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये या तत्त्वावर दाबयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा एक निराळाच प्रश्न पुढे आला. द्रवाचा दाब वाढला की तो दट्ट्याच्या कडेने निसटतो. तेथे कातड्याची अशी वाटी बसवण्यात आली की दाब जितका वाढेल तितकी तिची कड सिलिंडरला घट्ट चिकटेल. ब्रामांकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले यांना या युक्तीचे श्रेय दिले जाते.

गाडीत द्रवाचा ब्रेक आणण्याचे श्रेय अमेरिकेच्या माल्कम लॉकहीड यांचे. त्यांनी १९१७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. जुलै १९२१ मध्ये ल मान्स येथे झालेली फ्रेंच ग्रँड प्री शर्यत जिमी मर्फी यांनी ड्यूसेनबर्ग गाडीतून जिंकली. या गाडीच्या चारही चाकांना द्रवाचे ब्रेक होते. १९२४ च्या क्रायस्लर गाडीबरोबर हा ब्रेक मध्यमवर्गीय ग्राहकापर्यंत आला. येथे पुन्हा तीच वाटी आड आली. लॉकहीड यांच्या मूळ रचनेतील वाट्या कातड्याच्या होत्या व त्या गळत. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्यांच्या जागी रबराच्या वाट्या आणल्या. आजही जुन्या गाडीच्या मास्टर सिलिंडरमध्ये आणि चाकातल्या सिलिंडरमध्ये याच वाट्या असतात.

रबर आले आणि कोणता द्रव वापरायचा याला बंधन पडले. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते, एरंडेलात फारसे फुगत नाही. म्हणून एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण दीर्घकाळ वापरात होते. वर्गात दोन बाटल्या घेऊन एकीत रॉकेल, दुसरीत एरंडेल ओतावे, दोन्हींत एकेक रबरबँड टाकावा आणि दुसऱ्या दिवशी मोजावा. बोलीत आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो आणि हे नाव घातक आहे, कारण त्याला भुलून कोणी इंजिन ऑइल ओतले तर सगळ्या वाट्या फुगून निकामी होतात.

हेन्री फोर्ड यांचा या ब्रेकवर विश्वास नव्हता. त्यांच्या कंपनीने दांड्या-तारांचे ब्रेक १९३८ पर्यंत चालू ठेवले आणि १९३९ च्या मॉडेलात द्रवाचे आणले. त्यांना हट्टी म्हणण्याची प्रथा आहे. आम्हांला मात्र त्यांच्या शंकेत तथ्य दिसते. एक दांडी तुटली तरी उरलेली चाके ब्रेक धरतात, पण एकाच मास्टर सिलिंडरची गाडी एका ठिकाणी गळली तर चारही चाके एकदम सुटतात. पुढच्या व मागच्या चाकांसाठी वेगळे मार्ग अमेरिकेतील गाड्यांत १९६७ च्या मॉडेलांपासून सरसकट आले. त्यापूर्वीच्या घडणीच्या गाडीत मऊ पेडलाकडे दुर्लक्ष करणे किती महाग पडू शकते, हे यावरून कळेल.

आता पेडलाकडे वळू. सोयीसाठी मास्टर सिलिंडरचा व्यास २ सेंमी, पेडलाची तरफ पाच पट आणि एकूण द्रव १०० घनसेंमी धरू. जोराने ब्रेक मारला की दाब सुमारे ४० वातावरणे होतो. कँटन यांच्या आकड्याप्रमाणे द्रव ०.१८ घनसेंमीने दबेल आणि त्यापोटी पेडल जेमतेम ३ मिलिमीटर जास्त खाली जाईल. समजा, नळीत २ घनसेंमी हवा अडकली आहे, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याहूनही कमी. बॉइलच्या नियमाप्रमाणे ती जवळजवळ नाहीशी होईल आणि पेडल ३ सेंमी खाली जाईल. शंभर भाग द्रवापेक्षा दोन भाग हवा दहापट खाते! यातही पहिल्या नऊ वातावरणांतच हवेचे नव्वद टक्के आकुंचन होऊन जाते. म्हणून हवा असलेले पेडल सुरुवातीला उशीसारखे आणि शेवटी घट्ट लागते. इंजेक्शनच्या दोन सिरिंज नळीने जोडून, आधी फक्त पाणी आणि मग एक बुडबुडा ठेवून, हा फरक विद्यार्थ्यांना अंगठ्याने जाणवून देता येईल.

पण प्रत्येक मऊ पेडल म्हणजे हवा नव्हे. अनेक गॅरेजांत येथेच घाई होते. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, लगेच दुसऱ्यांदा दाबले की वर येते आणि दगडासारखे घट्ट लागते, असे असेल तर हवा नाही. लायनर झिजून शू आणि ड्रम यांतील अंतर वाढले आहे. दुसऱ्या दाबाच्या वेळी मास्टर सिलिंडरने टाकीतून जादा द्रव उचललेला असतो, म्हणून अंतर भरून निघते. शू नीट ॲडजस्ट केले की काम होते. टॅक्सीवाल्याची दोन-तीन पंपांची सवय नेमके हेच दुखणे झाकीत असे. आमच्या मते ती सवय कौतुकाची नव्हती, कारण अचानक मूल आडवे आले तर दुसरा पंप मारायला वेळ नसतो.

पंप मारल्यावर पेडल वर येते, पण लवचीकच राहते, तेव्हा हवेचा संशय घ्यावा आणि चाकांच्या निपलमधून ती काढावी. पेडलावर पाय एकसारखा दाबून ठेवला असता ते हळूहळू खाली बुडत असेल, तर कुठेतरी गळती आहे. बाहेर कोठेच ओल नसेल आणि टाकीतील पातळीही उतरली नसेल, तर मास्टर सिलिंडरची वाटी आतल्या आत द्रव सोडते आहे.

सर्वांत फसवा प्रकार वेगळाच आहे. हवा तीनतीनदा काढली, वाट्या नव्या घातल्या, तरी पेडल उशीसारखेच. जुना ड्रम झिजून व घासून मोठा झालेला असतो, आणि नव्या लायनरची वक्रता मूळ मापाची असते. मग शू फक्त मध्यभागी टेकतो व पाय दाबू तसतसा धनुष्यासारखा वाकतो. येथे दबते आहे ते लोखंड! लायनरवर खडू फासून, ड्रम चढवून, ब्रेक हलका लावीत चाक फिरवावे. खडू कोठे पुसला गेला ते पाहिले की उलगडा होतो. पूर्वी लायनर ड्रमच्या मापाने घासून घेत. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून ते घासू नयेत आणि ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

दोष नेमक्या कोणत्या चाकात आहे, हे शोधण्याची रीत प्रयोगशाळेला शोभणारी आहे. अशा गाडीत साधारणपणे तीन रबरी नळ्या असतात, दोन पुढे आणि एक मागे. गुळगुळीत तोंडाच्या चिमट्याने तिन्ही बंद कराव्यात. तरीही पेडल मऊ राहिले तर दोष मास्टर सिलिंडरमध्ये किंवा धातूच्या नळ्यांत अडकलेल्या हवेत. घट्ट झाले तर एकेक नळी मोकळी करीत जावे. जिच्यामुळे पेडल पुन्हा मऊ होईल, तिच्या पलीकडे दोष आहे. ती नळीच जुनी होऊन फुगत असेल, हेही ध्यानात ठेवावे.

एक दोष मात्र गॅरेजात उभ्या गाडीत सापडत नाही. आजचे नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट-३ दर्जाच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की १४० अंशांचीच हमी उरते. खंडाळ्याचा घाट सतत ब्रेकवर उतरताना ड्रम दोनशे अंशांनी तापला, तर २५ सेंमी व्यासाचा ड्रम अर्ध्या मिलिमीटरने फुगतो आणि पेडल थोडे खाली जाते. एवढ्यावर निभावते. पण उष्णता चाकातल्या सिलिंडरपर्यंत पोहोचून द्रव उकळला, तर तयार झालेली वाफ हवेसारखीच दबते आणि पेडल तळाला टेकते. तासाभराने गाडी निवली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि मिस्त्रीला पेडल अगदी उत्तम लागते. म्हणून अशा गाडीच्या मालकाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की पेडल मऊ झाले तेव्हा गाडी कोठून येत होती, आणि ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले होते.