तुंबलेला बोका आणि गुरांचा दवाखाना

बोक्याची लघवी पूर्ण तुंबली की त्याच्या हाती फार तर दोन-तीन दिवस उरतात. मूत्रनळी टोकाशी सर्वांत अरुंद असते. तिथे रेतीसारखे बारीक स्फटिक आणि चिकट स्राव यांचे बूच बसते, मूत्राशय चेंडूसारखे टणक होते, रक्तात पोटॅशियम साचत जाते आणि अखेर हृदय बंद पडते. भाटीची नळी आखूड व रुंद, म्हणून तिच्यावर हा प्रसंग क्वचित येतो. घरच्यांना मात्र बोका कोपऱ्यात बसून नुसता कुंथताना दिसतो. त्याचे पोट साफ होत नसावे, असे समजून एरंडेल पाजण्यात मोलाची रात्र निघून जाते.

या दुखण्याची विद्या मराठवाड्यात उशिरा पोहोचली. त्याचे कारण प्राण्यांच्या वैद्यकाच्या इतिहासातच आहे.

माणसाच्या मुतखड्याचे ज्ञान आपल्याकडे जुने. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे चार प्रकार सांगितले आहेत, खडा काढण्याची शस्त्रक्रियाही वर्णिली आहे. घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा होती. घोड्यांच्या वैद्याला हिंदुस्थानी बोलीत ‘सालोतरी’ म्हणत, ते त्याच नावावरून. हत्तींसाठी पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ होता. ज्या जनावरावर सैन्य आणि शेती उभी, त्याचे शास्त्र झाले. मांजर उंदीर मारी आणि आपले आपण निस्तरे.

नांदेड-लातूरचे पशुधन म्हणजे लाल कंधारी आणि देवणी. एक जात कंधारच्या नावाची, दुसरी देवणीच्या. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे आणि बैल यांचा बाजार आजही भरतो. परभणीला १९७२ साली आणि उदगीरला १९८७ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेही मुख्यतः याच पशुधनाच्या गरजेपोटी. सरकारी पाटीवर ‘पशुवैद्यकीय दवाखाना’ असे लिहिलेले असले, तरी लोकांच्या तोंडी तो ‘गुरांचा दवाखाना’च राहिला. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाय, म्हैस, शेळी यांच्याबरोबर कुत्रा आणि ससाही मोजला गेला. मांजराला रकाना नव्हता.

अर्थात जुन्या वाड्यातल्या मांजराला वैद्याची गरजही कमी पडे. बळदातल्या ज्वारीवर उंदीर पोसले जात आणि उंदरांवर मांजर. उंदराच्या शरीरात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. घरगुती मांजराचा पूर्वज कोरड्या मुलखातला रानमांजर. त्यामुळे शिकारीतूनच पाणी मिळवायचे आणि लघवी अतिशय घट्ट करून ते राखायचे, ही त्याच्या मूत्रपिंडाची रीत. भांड्यातले पाणी पिण्याची ओढ त्याला फारशी नाही. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की पुढचा बराच इतिहास उलगडतो.

१९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लोव याने मांजराच्या विधीसाठी राखेऐवजी शोषक माती विकायला सुरुवात केली. मांजर कायमचे घरात राहू शकले ते या पिशवीमुळे. पुढच्या दशकांत कोरडे दाणेदार खाद्य सर्रास झाले. त्यात पाणी जेमतेम दहा टक्के. शिकार गेली, हिंडणे गेले आणि आहारातले पाणीही गेले.

१९७० साली ऑस्बॅल्डिस्टन आणि टॉसिग यांनी ४६ मांजरांच्या नोंदींवरून या दुखण्याला एकच नाव दिले आणि आरोपीचा शोध सुरू झाला. कुणी विषाणूला धरले, कुणी खाद्यातल्या खनिज राखेला, तर कुणी त्या राखेतल्या मॅग्नेशियमला. मॅग्नेशियमवरचा आरोप पूर्ण खोटा नव्हता. १९८१ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्राकडे तपासणीस आलेल्या मांजरांच्या खड्यांपैकी सुमारे ७८ टक्के स्ट्रुव्हाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचे होते. कॅल्शियम ऑक्झलेटचे जेमतेम २ टक्के. कंपन्यांनी मॅग्नेशियम घटवले आणि लघवी आम्ल होईल असे खाद्य केले. स्ट्रुव्हाइट आम्लात विरघळते, तेव्हा उपाय लागू पडला. पण ऑक्झलेट आम्लात विरघळत नाही. २००० च्या सुमारास त्याच केंद्रात निम्म्याहून अधिक खडे ऑक्झलेटचे येऊ लागले होते. स्ट्रुव्हाइट निदान पथ्याच्या खाद्याने विरघळवता येते. ऑक्झलेटच्या मोठ्या खड्याला बहुधा शस्त्रक्रियाच लागते. एका दगडाची जागा दुसऱ्याने घेतली, तीही अधिक हट्टी.

दरम्यान मिनेसोटाच्याच कार्ल ऑस्बोर्न यांनी १९८४ साली आग्रह धरला, की हा एक आजार नव्हे. एकाच लक्षणांमागे अनेक कारणे असू शकतात आणि प्रत्येक वेळी ती शोधली पाहिजेत. तसा शोध घेतल्यावर निम्म्याहून अधिक मांजरांत ना खडा सापडला, ना जंतू. तरुण मांजरात जंतुसंसर्ग तर विरळाच. तरीही प्रतिजैविकाची गोळी हाच आजही पुष्कळांचा पहिला उपाय असतो. ओहायोचे टोनी बफिंग्टन यांनी या उरलेल्या मांजरांचे घर तपासले. नवे मांजर, बदललेले घर, एकटेपणा, लपायला जागा नसणे, एकाच पेटीवरून भांडण, अशा ताणाने मूत्राशयाला सूज येते, असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. ज्या मुक्या प्राण्याला आपण बेफिकीर समजतो, त्याचा जीव घरातल्या घालमेलीने लघवीत अडकावा, हे पचनी पडायला पशुवैद्यकालाही वेळ लागला.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा माणसेच पाणी मोजून पीत होती. माळवदाची घरे तोवर मागे पडत चालली होती. सदनिकेतल्या पर्शियन बोक्यापुढे दाण्यांची ताटली आली आणि पाण्याची वाटी दिवसभर तशीच भरलेली दिसू लागली. उपाय साधा आहे: ओले अन्न, किंवा दाण्यांत कोमट पाणी कालवणे, दोन-तीन ठिकाणी पाणी आणि स्वच्छ, वेगळी पेटी. तुंबलेल्या बोक्याला मात्र घरगुती औषध नाही. वेदना कमी व्हाव्यात म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारते. त्याला भूल देऊन नळीत बारीक कॅथेटर सरकवावा लागतो, शिरेतून सलाइन द्यावे लागते आणि पुढचे काही दिवस किती लघवी झाली ते मोजावे लागते.