कॅल्शियम ऑक्साइड

कॅल्शियम ऑक्साइड हे कॅल्शियम व ऑक्सिजन यांचे पांढरे संयुग असून व्यवहारात ते कळीचा चुना किंवा चुनकळी या नावांनी ओळखले जाते. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियस तापमानास भाजली असता कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना मागे उरतो.

गुणधर्म

कळीच्या चुन्याचा रेणुभार ५६.०८ आहे. पाण्याशी त्याचा संयोग अत्यंत जोमाने होतो. ५६ ग्रॅम चुना १८ ग्रॅम पाण्याशी संयोग पावून ७४ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच विरलेला चुना, तयार होतो आणि सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. या उष्णतेने पाणी उकळू शकते व लगतचे लाकूड किंवा कागद पेट घेऊ शकतात. म्हणून चुना विरवताना तो थोडा थोडा करून भरपूर पाण्यात टाकावा, तसेच साठा कोरड्या, हवाबंद जागी ठेवावा.

धोके व प्रथमोपचार

त्वचा, डोळे व श्वसनमार्ग यांतील ओलावा चुन्यास पुरेसा असतो. त्वचेवरील कोरडी पूड आधी झटकून मग भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यात चुना गेल्यास डोळा न चोळता, कण काढून टाकत किमान २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावा व त्वरित डॉक्टरांकडे जावे. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये.

विड्याचा चुना विरलेला असल्याने तापत नाही. परंतु तीव्र अल्कधर्मी असल्याने तोही डोळ्यास कायमची इजा करू शकतो. त्याच्या पुड्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.