दोन शिलिंगांचा हिशेब

मूर्तिभंजन म्हटले की घण, मशाली आणि बेभान जमाव डोळ्यांसमोर येतो. सोळाव्या शतकातील युरोपात असे जमाव होतेच. १५६६ च्या ऑगस्टमध्ये अँटवर्पच्या प्रमुख चर्चमध्ये शिरलेल्या लोकांनी तेथील मूर्ती आणि वेद्या एका रात्रीत फोडल्या, ही घटना प्रसिद्धच आहे. इंग्लंडमध्ये त्याच शतकात जे घडले त्याचे स्वरूप मात्र बरेच वेगळे होते. तेथील कॅथलिक मूर्ती, चित्रे आणि वेद्या मुख्यतः राजाज्ञेने नष्ट झाल्या, आणि ती आज्ञा बजावली ज्या त्या गावच्या माणसांनीच. कामाची मजुरी दिली गेली आणि मजुरीची नोंद वहीत झाली. साहित्याच्या अभ्यासकांनी या वह्यांकडे आवर्जून पाहावे असे आम्हांस वाटते. त्यांतून दिसणारा माणूस जमावातल्या माणसापेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. शिवाय या इतिहासाचा एक धागा थेट मराठी साहित्यापर्यंत पोहोचतो.

घटनाक्रम थोडक्यात असा. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये इंग्लंडचे चर्च पोपच्या सत्तेतून बाहेर काढले. १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त झाले. १५३८ च्या आज्ञापत्राने, ज्या मूर्तींपुढे यात्रा भरत, नवस फेडले जात, त्या काढून टाकण्यास फर्मावले. वॉल्सिंगहॅमची मेरीमातेची मूर्ती त्याच वर्षी लंडनला नेऊन जाळण्यात आली आणि कँटरबरी येथील संत टॉमस बेकेटचे समाधिस्थान उद्ध्वस्त झाले. सहाव्या एडवर्डच्या राजवटीत, १५४७-४८ मध्ये, नवसाची मूर्ती आणि साधी मूर्ती हा भेदही उरला नाही. सगळ्याच मूर्ती हटवायच्या होत्या. १५५३ मध्ये मेरी राणी गादीवर आली आणि जुना धर्म परतला. १५५९ मध्ये एलिझाबेथने पुन्हा उलटा हुकूम काढला. एकाच पिढीने मूर्ती काढल्या, त्या पुन्हा बसवल्या आणि पुन्हा काढल्या. श्रद्धा इतक्या वेगाने बदलत नसते. येथे जे बदलत होते ते हुकूम होते.

हुकूम खाली कसा झिरपतो याचे उत्तम उदाहरण स्ट्रॅटफर्डच्या दप्तरात सापडते. तेथील गिल्ड चॅपेल नगराच्या ताब्यात होते आणि त्याच्या भिंती मध्ययुगीन चित्रांनी भरलेल्या होत्या. वेदीकडे जाणाऱ्या कमानीवर अंतिम न्यायाच्या दिवसाचे भव्य चित्र होते. जानेवारी १५६४ मध्ये सादर झालेल्या नगराच्या हिशेबात, चॅपेलमधील प्रतिमा विरूप करण्यासाठी दोन शिलिंग खर्ची पडल्याची नोंद आहे. हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एकाचे नाव जॉन शेक्सपिअर. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २६ एप्रिल १५६४ रोजी, त्याच्या विल्यम नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला.

या नोंदीतील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे विलंब. हुकूम १५५९ चा असताना स्ट्रॅटफर्डने चार वर्षे काढली. दुसरी म्हणजे कामाची रीत. चित्रे खरवडून काढली नाहीत. बरीचशी चुन्याखाली झाकली गेली. १८०४ मध्ये चुन्याचे थर निघाले तेव्हा ती पुन्हा उजेडात आली. वारे पुन्हा फिरले तर चित्रे हाताशी असावीत, असा विचार त्यामागे असावा, असे काही अभ्यासक मानतात. जॉनच्या मनात नेमकी कोणती श्रद्धा होती यावर विद्वानांचे वाद आहेत. हिशेबाच्या ओळीत आज्ञापालन दिसते. मन दिसत नाही. शेक्सपिअरच्या त्र्याहत्तराव्या सुनीतातील ओसाड गायनगृहाच्या प्रतिमेत अनेक समीक्षकांना मोडलेल्या मठांची आठवण जाणवली आहे. ती आठवण पुस्तकी नव्हती. अशा भिंती त्या पिढीच्या रोजच्या वाटेवर उभ्या होत्या.

डेव्हन परगण्यातील मोरबाथ या गावाची वही याहून बोलकी आहे. ३३ कुटुंबांचे हे गाव. ख्रिस्तोफर ट्रिची हा धर्मगुरू तेथे १५२० ते १५७४ अशी चोपन्न वर्षे राहिला आणि चर्चचे हिशेब स्वतःच्या हाताने लिहीत गेला. इमॉन डफी यांनी त्या हिशेबांवर २००१ मध्ये एक सुंदर ग्रंथ लिहिला. एडवर्डच्या काळात मूर्ती गेल्या, पूजावस्त्रे विकली गेली, गाव कर्जबाजारी झाले. १५४९ मध्ये नव्या प्रार्थनाग्रंथाविरुद्ध बंड उठले, तेव्हा या एवढ्याशा गावाने आपले पाच तरुण बंडखोरांच्या छावणीवर पाठवले. त्यांच्यावरचा खर्चही वहीत आहे. मेरी राणीच्या काळात घराघरांतून लपवलेल्या वस्तू परत येऊ लागल्या. कोणी पुस्तके आणली, कोणी चर्चची वस्त्रे; मेरीमातेची एक प्रतिमाही आली. हुकमापुढे मान तुकवणारे आणि घरात मूर्ती दडवणारे लोक एकाच गावचे होते, कित्येकदा एकाच घरचे.

पुढील शतकात यादवी युद्धाच्या वेळी हे काम पुन्हा सुरू झाले. विल्यम डाउसिंग याने १६४३-४४ मध्ये केंब्रिजशर आणि सफोकमधील सुमारे अडीचशे चर्चे तपासली, उरल्यासुरल्या प्रतिमा व रंगीत काचा फोडवल्या आणि त्याची रोजनिशी ठेवली. या कामाचा आकार साधारणतः ६ शिलिंग ८ पेन्स, आणि तो भरायचा त्या त्या चर्चने. आपल्याच वास्तूच्या मोडतोडीची फी आपणच द्यावयाची, असा हा व्यवहार.

आता मराठीकडे येणारा धागा. ख्रिस्तपुराणकार फादर टॉमस स्टीफन्स याचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशर परगण्यात झाला. म्हणजे तो चुना फासलेल्या भिंतींच्याच इंग्लंडमध्ये वाढला. कॅथलिक राहण्यासाठी त्याने देश सोडला, १५७५ मध्ये रोम येथे जेझुइट संघात प्रवेश केला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये तो गोव्यात उतरला. त्याचे पुढील आयुष्य मुख्यतः साष्टीत गेले. त्याच साष्टीतील शेकडो देवळे १५६७ मध्ये कॅथलिक पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. कुठ्ठाळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा, केळशीची शांतादुर्गा ही दैवते भाविकांनी पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या अंत्रुज महालात हलवली होती. मोरबाथच्या शेतकऱ्यांनी जे केले तेच साष्टीच्या गावकऱ्यांनी केले. ज्या धर्माची मूर्ती एका देशात बळी ठरली, तोच धर्म दुसऱ्या देशात घण घेऊन उभा होता.

ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच्या आरंभीच एक ब्राह्मण विनवणी करतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही द्या. वर्गात हा ग्रंथ शिकवताना आपण बहुधा भाषास्तुतीच्या ओव्यांपाशी रेंगाळतो. ही विनवणी मात्र निसटते. मराठीतील एक थोर काव्य अशा रिकाम्या केलेल्या जागेवर उभे आहे, हे त्यात कवीनेच नोंदवून ठेवले आहे. त्यामुळे काव्याचे थोरपण उणे होत नाही, आणि काव्य थोर आहे म्हणून ती मोडतोड क्षम्यही ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र शिकवाव्या लागतील.

आपल्या मोडलेल्या मूर्तीला जखम म्हणावे आणि दुसऱ्याच्या मोडलेल्या मूर्तीला काळाची गरज म्हणावे, हा मोह सर्व समाजांना होतो. त्यावर उपाय म्हणून आम्हांस वह्या वाचणे महत्त्वाचे वाटते. जमावाचा दोष जमावावर टाकून मोकळे होता येते. दोन शिलिंगांची नोंद मात्र विचारते की हुकूम आपल्या दारी आला, तर आपण काय मोडू, काय चुन्याखाली झाकू आणि काय घरात लपवून ठेवू.