चिनी पर्यवेक्षकाची कुळकथा

११ मार्च २०१८ रोजी बीजिंग येथील राष्ट्रीय लोकसभेने २ विरुद्ध २,९५८ मतांनी ज्या घटनादुरुस्त्या संमत केल्या, त्यांपैकी राष्ट्राध्यक्षाच्या कारकीर्दीची मर्यादा उठविणारी दुरुस्ती तेवढी जगाच्या स्मरणात राहिली; परंतु त्याच ठरावाने मंत्रिमंडळ, न्यायालये आणि अभियोक्त्यांचे खाते यांच्या पंक्तीस पर्यवेक्षण आयोग नावाची एक नवी सत्ता आणून बसविली. तिचे कूळ मात्र दोन सहस्र वर्षांहूनही जुने आहे.

ख्रिस्तपूर्व १०६ मध्ये हान सम्राट वू याने राजधानीबाहेरच्या मुलखाचे तेरा विभाग पाडून प्रत्येकावर एक निरीक्षक नेमला आणि त्याला चौकशीची सहा कलमे बांधून दिली. पहिले कलम बड्या जमीनदार घराण्यांसंबंधी असून उरलेली पाचही सुभ्यांच्या अधिपतींसंबंधी होती. या निरीक्षकाचा दर्जा धान्याच्या मापात ६०० आणि ज्याची तो झडती घेई त्या अधिपतीचा २,०००, ही विषमता हेतुपुरस्सर राखलेली होती. कारण ज्याचे पद लहान त्याला गमावण्याचे भय थोडे आणि कर्तृत्व दाखविण्याची ईर्ष्या मोठी, हे त्या राज्यकर्त्यांनी नेमके हेरले होते. प्रशासनशास्त्रात इतकी सूक्ष्म मानवपरीक्षा क्वचितच आढळते.

पुढे मिंग घराण्याच्या संस्थापकाने १३८२ मध्ये पर्यवेक्षणाच्या खात्याची नवी घडी बसविली. मिंग दरबारातील पर्यवेक्षकांच्या झग्यावर, छातीशी, अपराध्याला अचूक ओळखून शिंगाने भोसकणाऱ्या एका पौराणिक पशूचे चिन्ह भरलेले असे. हे सातव्या श्रेणीचे अधिकारी मंत्र्यांवर दोषारोप करीतच, पण खुद्द सम्राटाच्या वर्तनाविरुद्धही अर्ज लिहीत, आणि त्यापायी भर दरबारात फटके खाऊन कित्येकांनी प्राण गमावले. मला या परंपरेचे खरे तेज तिथे दिसते: खाली पाहणारी दृष्टी आणि वर बोलणारी वाणी एकाच माणसाच्या ठायी होती.

सुन यत्-सेन यांनी १९०६ मध्ये टोकियोत पाश्चात्त्य त्रिसत्तेला परीक्षा आणि पर्यवेक्षण या दोन स्वदेशी सत्तांची जोड सुचविली, ती या वारशाच्या अभिमानातूनच. १९३१ मध्ये नानकिंगला स्थापन झालेले त्यांच्या कल्पनेतील पर्यवेक्षण मंडळ आज तैपेईत नांदते आहे.

साम्यवादी राजवटीने १९५४ मध्ये पर्यवेक्षण मंत्रालय काढले, १९५९ मध्ये मोडले, १९८६ मध्ये पुन्हा उभारण्याचे ठरविले आणि १९९३ मध्ये त्याचे दफ्तर पक्षाच्या शिस्त आयोगाशी एकत्र केले. मंत्रालयाचा अंमल सरकारी नोकरांपुरता, पक्षाचा सदस्यांपुरता, आणि लाचलुचपतीचे खटले अभियोक्त्यांकडे, असा हा विस्कळीत कारभार होता. त्यात संशयित सदस्याला ठरल्या वेळी, ठरल्या जागी हजर राहण्याचा पक्षाचा हुकूम सुटे, तो ‘शुआंगगुई’; वकिलाशिवाय आणि आप्तांच्या भेटीवाचून चालणाऱ्या या कैदेला न्यायालयाचा आधार नव्हता.

२०१६ च्या अखेरीस बीजिंग, शान्शी आणि झेजियांग येथे नव्या व्यवस्थेचा प्रयोग झाला, आणि २० मार्च २०१८ च्या कायद्याने सार्वजनिक अधिकार वापरणारा प्रत्येक जण, मग तो पक्षाचा असो वा नसो, आयोगाच्या कक्षेत आणला. कैदेला आता ‘ल्यूझी’ म्हणतात. मुदत तीन महिने, वाढवून सहा. जून २०२५ पासून दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा संभव असल्यास आणखी दोन. कैदेला कायद्याची चौकट मिळाली हे खरेच मोठे पाऊल आहे, पण चौकशीच्या खोलीत वकिलाला आजही प्रवेश नाही, आणि हे मला अक्षम्य वाटते.

घटनेच्या १२७ व्या कलमानुसार आयोगाच्या कामात प्रशासकीय यंत्रणा, सामाजिक संघटना आणि व्यक्ती यांना ढवळाढवळ करता येत नाही. या यादीत पक्षाचे नाव नाही, आणि कायद्याचे दुसरेच कलम पर्यवेक्षणाचे नेतृत्व पक्षाकडे सोपविते. आयोगाची कचेरी आणि पक्षाच्या शिस्त आयोगाची कचेरीही एकच. झडती घेण्याची मिंग पर्यवेक्षकाची सत्ता त्याच्या वारसाला पुरेपूर लाभली. सम्राटाला त्याचा दोष लिहून कळविण्याचा अधिकार मात्र या कायद्याच्या कोणत्याही कलमात उतरला नाही.