मताचे मोल आणि बहुमताची भिंत : अमेरिकेतील वंशभेद व आपला श्रीगोंदा

अमेरिकेत कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार 1870 च्या 15 व्या घटनादुरुस्तीने मिळाला. पण दक्षिणेकडील राज्यांनी साक्षरता चाचणी आणि मतदानकराच्या अटी घालून तो कागदावरच ठेवला. 1965 च्या मतदान हक्क कायद्याने साक्षरता चाचणीसारखे अडथळे दूर केले. वंशभेदाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणूक नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. ही परवानगी कोणी घ्यायची हे ठरवणारे कलम 2013 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. मतदारसंघांच्या सीमा कशा आखायच्या, हा तेथील राजकारणाचा आजही पेटता प्रश्न आहे.

वंश आणि जात एक नाहीत. तरीही 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. दोन्ही लढ्यांतील साम्य त्यांनी ओळखले होते.

फरक कोठे आहे?

अमेरिकेत अनेक भागांत कृष्णवर्णीयांची वस्ती एकवटलेली आहे, म्हणून त्यांचे बहुमत असलेला मतदारसंघ आखता येतो. आपल्याकडे दलित वस्ती गावोगावी विखुरलेली, आणि जवळपास कोठेच बहुमतात नाही. म्हणून बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारात त्याऐवजी संयुक्त मतदारसंघ आणि प्रांतिक कायदेमंडळांत 148 राखीव जागा आल्या. उमेदवार आपला, पण निवडून देणारे बहुसंख्य मतदार इतर, ही रचना तेथून सुरू झाली. खुद्द बाबासाहेब 1952 मध्ये उत्तर मुंबईतून आणि 1954 मध्ये भंडाऱ्यातून पराभूत झाले.

नगर जिल्ह्याचे चित्र

जिल्ह्यातील विधानसभेच्या 12 जागांपैकी श्रीरामपूर अनुसूचित जातींसाठी व अकोले अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. लोकसभेची शिर्डी 2009 पासून राखीव. श्रीगोंदा खुला मतदारसंघ असून तो नगर लोकसभेत येतो. बौद्धांना तर 1990 च्या दुरुस्तीपर्यंत अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत स्थानच नव्हते.

याच जिल्ह्यात 2013 चे सोनई आणि 2014 चे खर्डा हत्याकांड घडले. 2016 मध्ये कोपर्डीतील अमानुष घटनेनंतर निघालेल्या मोर्चांत ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणी पुढे आली. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कायदा सौम्य झाला, 2 एप्रिलला भारत बंद झाला आणि त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून तो पूर्ववत केला. बहुसंख्यांच्या मतांवर अवलंबून असलेला आमदार, राखीव जागेवरचा असो वा खुल्या, अशा वेळी गप्प का राहतो, याचे उत्तर या मतांच्या गणितात आहे.

आपण काय पाहावे?

प्रभाग, गट-गण रचनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की आपली वस्ती दोन तुकड्यांत विभागली गेली का, हे तपासावे आणि मुदतीत लेखी हरकत द्यावी. मतदार यादीत नावे आहेत का, ते पाहावे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीच्या बैठका होतात का, याची माहिती मागवावी. मत देऊन आपले काम संपत नाही, त्या मताचा हिशेब पाच वर्षे मागावा लागतो.