बाटलीतला पावसाळा

मालवणात हवा दमट, तरी कुंडीतल्या कॅलेथियाची पानं कडेनं करपतात. खारा वारा आणि किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी, दोन्ही बाधतात. पूर्वी जहाजांवरची रोपंही अशीच खाऱ्या तुषारांनी मरायची.

१८२९ मध्ये लंडनच्या डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्डला बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचं उगवलेलं दिसलं. १८३३ मध्ये अशाच काचपेट्यांतून सिडनीला पाठवलेली रोपं जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं त्यांतूनच हिमालयात आणली आणि चीनच्या मक्तेदारीला धक्का बसला. ओलावा आत, मीठ बाहेर, एवढंच गुपित!

तुम्हीही पागोळ्यांचं पाणी साठवा, कुंडी आडोशाला ठेवा. करपलेली कड परत हिरवी होत नाही, पण नवं पान वाचतं.