कुटुंबप्रमुखाचे लिंग व कुटुंबाचा आहार (घाटंजी तालुका)

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हा कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारा, कोलाम व गोंड वस्तीचा तालुका असून, कुटुंबप्रमुख स्त्री असल्याने येथील घराच्या आहारात काय फरक पडतो हे पाहावयाचे तर, ती कोणत्या दप्तरात प्रमुख आहे हे प्रथम पाहिले पाहिजे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, 2013 याच्या कलम 13 अन्वये घरातील 18 वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख ठरते, आणि अंत्योदय कुटुंबाचे दरमहा 35 किलो किंवा प्राधान्य कुटुंबाचे माणशी 5 किलो धान्य तिच्या नावे निघते. सातबाऱ्यावर मात्र नाव बहुधा पुरुषाचेच असते, आणि काय पेरावे, कापसाच्या चुकाऱ्यातून आधी कोणाचे देणे फेडावे, याचा निर्णय सातबाऱ्याच्या धन्याकडे राहतो.

शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या जिल्ह्यात वैधव्यामुळे प्रमुखपद अंगावर आलेल्या स्त्रियांचा प्रश्न याहून बिकट आहे. महिला किसान अधिकार मंचाने 2018 साली विदर्भ व मराठवाड्यातील अशा 505 स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा सुमारे 40 टक्के स्त्रियांना पतीच्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. वारसनोंद व फेरफार झाल्यावाचून पीककर्ज नाही, आणि कर्जावाचून स्वतःच्या मर्जीची पेरणी नाही. म्हणून निंदणाची व कापूस वेचाईची मजुरी हाच तिचा आधार उरतो. ही मजुरी ज्वारी, तेल, तुरीची डाळ यांवर आधी खर्च होते. याउलट, जिच्या हाती शेत आहे ती कपाशीत तुरीचे तास वाढविते, धुऱ्यावर अंबाडी व चवळी लावते, आणि मग कण्या घातलेली अंबाडीची भाजी घरच्या मालावर होते. केनेडी व पीटर्स यांच्या केनिया व मलावी येथील 1992 च्या अभ्यासातही, स्त्रीच्या ताब्यातील उत्पन्नाचा वाटा वाढला की कुटुंबास मिळणारे उष्मांक वाढतात, आणि काही स्त्रीप्रमुख घरांत मिळकत तोकडी असूनही मुलांचे कुपोषण कमी असते, असे आढळले होते. तथापि, वाढताना आधी मुलांना व वृद्धांना देऊन स्वतः उरलेसुरले खाण्याची रीत प्रमुखपद मिळाल्याने मोडत नाही, आणि टंचाईत वरण पातळ होते ते प्रथम तिच्याच ताटातले. घराचे पोषण मोजताना तिचे ताट निराळे मोजले पाहिजे, हे प्रस्तुत लेखकास फार महत्त्वाचे वाटते.

यवतमाळसह 14 आत्महत्याप्रवण जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये देण्याचा निर्णय शासनाने 2023 साली घेतला. धान्य निदान चुलीपर्यंत पोचत होते; या रोकडीवर मात्र किराण्याची उधारी, औषधपाणी व सावकाराचा तगादा यांचा हक्क आधी लागतो.